मरीन बायोलॉजी : चांगलं सगळेच सांगतात, वाईट तेवढं सांगा

फोंड्याची_आई
४ मे, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज आली.

लेकीची बारावी झाली. दोन वर्षांपूर्वी शाळेने मुलांना दोनापावलला समुद्रविज्ञान संस्था बघायला नेलं होतं. तिथून आली ती एकच धोशा घेऊन, "आई, मला हेच करायचंय." म्हटलं, वयाचं आहे, उतरेल. उतरलं नाही. खोलीत भिंतभर देवमासा चिकटवलाय आणि मोबाइलवर अष्टौप्रहर लक्षद्वीपची प्रवाळं.

पुण्याचा माझा भाऊ म्हणतो, "मासे मोजून पोट भरतं का?" मिस्टर म्हणतात, समुद्र आपल्या दाराशी आहे, शिकली तर निदान घराजवळ तरी राहील. दोघांनाही यातलं काही कळत नाही आणि मलाही नाही. करिअर मेळाव्यातली पत्रकं आणली तर प्रत्येकावर मुखवटा लावून पाण्याखाली हसणारी मुलगी.

तर विनंती एवढीच, की आत राहून आलेल्या कोणी तोटे सांगावेत. "आवड असेल तर करू द्या" हा प्रतिसाद कृपया नको. तो घरात रोज मिळतो.

नुस्तेंखोर
४ मे, रात्री १०.१२

पहिला तोटा सांगतो. माझा भाचा यात आहे. त्याला म्हापशाच्या बाजारात घेऊन जायची सोय राहिली नाही. सुंगटांचा (कोळंबीचा) वाटा समोर आला की हा त्यातलं एक उचलून पोट उलटं करून बघतो आणि "मेटापिनियस डॉब्सनी" असं शास्त्रीय नाव घेतो. नुस्तेकान्न (मासेवाली) म्हणते, "घेता जाल्यार घे, ना जाल्यार दवर" (घ्यायचं तर घे, नाहीतर ठेव). भाव करायचं राहिलं बाजूला.

बाकी जाणकार लिहितीलच.

बेंथॉस
४ मे, रात्री ११.३५

ताई, मी नऊ वर्षं यात होते. आता डिचोलीच्या बाजूला उच्च माध्यमिकला शिकवते. सविस्तर लिहिते, कारण मला त्या वयात कोणी सांगितलं नव्हतं.

माझं इथलं नाव समजून घेतलंत की अर्धं उत्तर मिळेल. समुद्राच्या तळाशी, चिखलात किंवा रेतीत राहणारे जीव म्हणजे बेंथॉस. माझ्या वाट्याला त्यातले पॉलिकीट आले. अंगाला दोन्ही बाजूंनी केसांचे झुबके असलेले किडे. होडीतून व्हॅन व्हीन ग्रॅब सोडायचा. दोन जबड्यांचा लोखंडी डबाच तो, तळाला टेकला की मिटतो आणि चिखलाचा घास घेऊन वर येतो. तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवायचा, उरेल ते फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवणाऱ्या रसायनात) घालायचं, त्यात रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग टाकायचा, म्हणजे जीव गुलाबी दिसतात आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून वेचता येतात. होडीवरचं हे सगळं एका सकाळचं काम. त्या एका सकाळचा चिखल मी पुढे तीन-तीन महिने वेचलेला आहे. खोलीचं दार बंद, पंखा बंद (फॉर्मालिनचा वास पसरतो म्हणून आणि नमुना उडतो म्हणून), डोळा मायक्रोस्कोपला, हातात चिमटा.

मी एकदा वर्षाचा हिशेब मांडला होता. पाण्यावर गेलेले दिवस भरले सव्वीस. बाकीचं वर्ष खुर्चीवर. समुद्राच्या वेडापायी आलेल्या मुलीला समुद्र दिसायचा तो जेवणाच्या सुट्टीत, गच्चीवरून.

किडा वेचला की त्याची जात ओळखायची. त्यासाठी त्याच्या एका केसाचं टोक दुभंगलेलं आहे की वाकडं, ते बघायचं. आमचा मुख्य आधार म्हणजे १९५३ साली छापलेला एक ग्रंथ, तोही झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर, चित्रं काळी पडलेली. जातीची ओळख चुकली तर वरचा सगळा डोलारा चुकतो. आणि हे काम शिकवणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत, कारण नुसत्या वर्गीकरणावर निबंध लिहून बढती मिळत नाही.

आता पैसे. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) लागली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. सगळी मिळून पाच वर्षं. ऐकायला बरं आहे. पण ती लागायची कशी? मरीन बायोलॉजीचा वेगळा पेपरच नाही. लाइफ सायन्सेसच्या पेपरला बसायचं, तिथे प्रश्न इम्युनॉलॉजीचे, वनस्पतींच्या शरीरक्रियेचे, डीएनए दुरुस्तीचे. किंवा पृथ्वी-महासागर-वातावरणाच्या पेपरला बसायचं, तिथे खडक आणि भरतीची गणितं. चिखल धुणाऱ्या मुलीला दोन्ही घरं परकी. मला तिसऱ्या खेपेला मिळाली.

पीएचडी झाली तेव्हा मी एकतिसाव्यात होते. त्यानंतर "प्रकल्प". प्रकल्प म्हणजे वर्षाचं कंत्राट, मार्च जवळ आला की मुदतवाढीच्या पत्राची वाट. पत्र मे महिन्यात येतं, आणि मधल्या दोन महिन्यांचा पगार चतुर्थीच्या आसपास. एका वर्षी पत्र आलंच नाही. कायम जागा निघते ती देशभरात एखादी, तुमच्या किड्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. नवरा बँकेत घरकर्जाला गेला तेव्हा साहेबांनी माझं पत्र उलटंपालटं करून विचारलं, "मॅडम नोकरी करतात की शिकतात?" मलाच उत्तर सुचलं नाही.

फोंड्याची_आई
५ मे, सकाळी ६.२०

बेंथॉसताई, रात्री वाचलं, झोप लागली नाही. धन्यवाद म्हणू की काय म्हणू? अजून कोणी आहे का?

उगाच_नाही
५ मे, सकाळी ९.०५

हे सगळं कुठल्याही शास्त्राला लागू आहे हो. माझा भाऊ भौतिकशास्त्रात आहे, तोही पस्तिशीपर्यंत कंत्राटावरच होता. उगाच पोरीला घाबरवू नका.

बेंथॉस
५ मे, सकाळी १०.४०

@उगाच_नाही, कंत्राटापुरतं मान्य. फरक नंतर पडतो. तुमच्या भावाने कंटाळून शास्त्र सोडलं असतं तर त्याला सॉफ्टवेअरवाल्यांनी, बँकवाल्यांनी घेतलं असतं, कारण तो गणित घेऊन बाहेर पडला असता. मी काय घेऊन बाहेर पडले? मांडवीच्या मुखाजवळचे किडे ओळखते. या कसबाला बाजारात गिऱ्हाईक नाही.

सिंधुयात्री
५ मे, दुपारी ३.१५

जहाजाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. किनाऱ्यावर बसणाऱ्यांची दुःखं वेगळी, आमची वेगळी.

संशोधनाची दोन जहाजं. सागरकन्या १९८३ ची, जर्मनीत बांधलेली. सिंधू साधना २०१४ ची, आपल्याच देशात बांधलेली. दोन्हींवर राहिलोय, सगळ्या मोहिमा मिळून वर्षभरापेक्षा जास्त. पहिल्या मोहिमेत चार दिवस बंकवर आडवा होतो, ॲव्होमिन घेऊन. पाचव्या दिवशी मुख्य शास्त्रज्ञ दारात येऊन म्हणाले, "ओकत ओकत काम करता येतं, ये." खरंच येतं. बादली बाजूला ठेवून बाटल्या भरल्यात मी.

जहाज थांबत नाही, त्याच्या दिवसाचा खर्च लाखांत. ठरलेल्या जागी पोचलं की रात्रीचे दोन असोत की पहाटेचे पाच, उठायचं. सीटीडी (पाण्याचं तापमान, खारटपणा, खोली मोजणारं आणि खोलवरचं पाणी भरून आणणारं यंत्र) खाली सोडायचा, दोन हजार मीटर खोल गेला तर परत यायला दीड-दोन तास. वर आला की सगळे बाटल्या घेऊन धावतात, पण रांग ठरलेली: ऑक्सिजनवाला पहिला, कारण हवा लागली की नमुना गेला. मी ऑक्सिजनवाला. विंकलरची पद्धत, १८८८ सालची, अजून तीच. दोन रसायनं घालायची, ऑक्सिजन असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो. अरबी समुद्रात दीडशे मीटरच्या खाली गेलात की हळूहळू फिका होत होत पांढराशुभ्र. म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा तो पांढरा साका बघितला तेव्हा अंगावर काटा आला होता. (हा तोटा नाही, माफ करा, ओघात आलं.)

तोटे हे: आजी गेली तेव्हा मी मध्य अरबी समुद्रात होतो. सॅटेलाइट फोनवर मिनिटभर बोलणं झालं, जहाज काही माझ्यासाठी वळणार नव्हतं. तीन चतुर्थ्या समुद्रात काढल्या, एकदा बाप्पा थर्मोकोलच्या नमुनापेटीवर बसवला. आणि जहाज म्हणजे यंत्र, ते बिघडतं. गोदीत गेलं की सहा महिने, आठ महिने. माझ्या एका मित्राची पीएचडी पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांवर होती. एका वर्षी जहाज गोदीत, दुसऱ्या वर्षी चक्रीवादळ. त्याची फेलोशिप संपली, समुद्र तिथेच आहे.

शिंपला
५ मे, रात्री ८.३०

मुलींना जहाजावर त्रास होतो का हो? माझी भाची विचारते.

सिंधुयात्री
५ मे, रात्री ९.१०

आता बऱ्याच मुली असतात, काही मोहिमांत अर्ध्याहून जास्त. अदिती पंत इथूनच, दोनापावलहून, १९८३ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या होत्या. नागपूरच्या मराठी बाई. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. त्यामुळे "मुलींनी जायचं का" हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला. उरलेलं बेंथॉसताई जास्त खरं सांगतील.

बेंथॉस
५ मे, रात्री १०.०२

मोठ्या जहाजावर केबिन, न्हाणीघर, सगळं असतं. खरा प्रश्न छोट्या होडीवर. आठ तास नदीच्या मुखात, होडीत चार पुरुष, आणि आडोसा नाही. मी आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. हे कुठल्या पत्रकात येत नाही, कुठल्या बैठकीतही कोणी काढत नाही.

आणि लग्नानंतर, मूल झाल्यावर. फॉर्मालिनमुळे कर्करोग होतो हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. दिवस गेले हे कळल्यावर मी प्रयोगशाळेत जाणं बंद केलं. कोणी अडवलं नाही, पण त्या वर्षी माझा निबंध नाही, आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न, "या वर्षी काहीच प्रकाशन नाही?"

नुस्तेंखोर
५ मे, रात्री १०.२०

ताई, गंमत करायला आलो होतो, आता गप्प बसून वाचतोय.

कासवांचा_राखणदार
६ मे, पहाटे ५.४५

मी चार हंगाम मोरजी आणि आगोंदला कासवांच्या कामावर काढले, संस्थेचं नाव घेत नाही. ऑलिव्ह रिडली जातीची कासवं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मादी येते, शंभरेक अंडी घालते, पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं. ऐकायला देवाचं काम. करायला: रात्रभर किनारा चालायचा, टॉर्च लावायचा नाही, उजेडाने कासवं बिथरतात. दिवसा झोपायचं, ज्या खोलीत झोपायचं तिच्या शेजारी डिसेंबरभर गाणी.

पगार हंगामापुरता. मे संपला की घरी. आणि दरवर्षी फुकट काम करायला शंभर मुलं तयार, शहरातून येतात, फोटो काढतात, पंधरा दिवस राहतात. फुकट माणूस मिळत असेल तर पगारी कोण ठेवेल? "आवड" हा शब्द या क्षेत्रात पगाराच्या जागी वापरतात. ताईंनी तो प्रतिसाद नको म्हटलं ते फार आवडलं.

दुसरं म्हणजे गावात राहायचं असतं. ज्या शॅकवाल्याला दिवे मालवायला सांगायचे त्याच्याकडेच दुपारी शीतकडी जेवायची. त्याचाही पोटाचा प्रश्न, हंगाम त्याचाही तेवढाच. मी पेडण्याचाच, तरी एका वर्षी मला चहा मिळेनासा झाला.

आणि पावसाळ्यात मेलेली कासवं किनाऱ्याला लागतात, कधी जाळ्याचा तुकडा मानेत रुतलेला. कधी डॉल्फिन. मोजमाप घ्यायचं, पोट फाडून बघायचं. मरून दोन दिवस झालेला डॉल्फिन ऑगस्टच्या उन्हात फाडलेला माणूस आठवडाभर मासे खात नाही. गोंयकाराला ही शिक्षा केवढी, ते तुम्हीच ठरवा.

कारवारी_बाबू
६ मे, सकाळी ११.००

व्यवहाराचं बोलू का? मी कारवारला एमएस्सी मरीन बायोलॉजी केलं. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त आज आंध्रात आहेत, कोळंबीच्या धंद्यात. २००९ मध्ये वनामीला (परदेशी जातीच्या कोळंबीला) परवानगी मिळाली तेव्हापासून तिथे काम आहे. पण कसलं? खाद्य विकायचं. मोटारसायकलवरून तळ्यातळ्यावर फिरायचं, शेतकऱ्याची कोळंबी मेली की त्याच्या शिव्या ऐकायच्या. भाषा तेलुगू. जीवशास्त्र दहा टक्के, वसुली नव्वद.

मत्स्य खात्याच्या जाहिराती बघा, बऱ्याच ठिकाणी बीएफएस्सी (मत्स्यशास्त्राची पदवी) मागतात. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी आहे. आम्ही एमएस्सी करून सुद्धा त्या रांगेत उभे राहू शकलो नाही. मला हे बारावीला कळलं असतं तर मी कारवारहून बस धरून रत्नागिरी गाठली असती. मत्स्यशास्त्र आणि सागरी जीवशास्त्र हे दोन वेगळे दरवाजे आहेत, बाहेरून सारखे दिसतात. मुलीला आत्ताच सांगा.

उगाच_नाही
६ मे, दुपारी १२.१५

परदेशात जा म्हणावं मग. ऑस्ट्रेलिया वगैरे.

कारवारी_बाबू
६ मे, दुपारी १२.४०

तिथल्या फीचे आकडे बघून आलात का? आणि शिकून झाल्यावर तिथेही हीच रांग. समुद्रावर जीव टाकणारी पोरं सगळ्या देशांत असतात, जागा कुठल्याच देशात तेवढ्या नसतात.

सल्लागार
७ मे, रात्री ११.५०

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

या क्षेत्रात पैसा नाही असं सगळे म्हणतायत. आहे. मी त्या बाजूला आहे. बंदर वाढवायचं, जेटी बांधायची, गाळ उपसायचा, किनाऱ्यालगत रिसॉर्ट उभारायचं, या सगळ्याला पर्यावरण परिणामाचा अहवाल लागतो. अहवालाला मान्यताप्राप्त सल्लागार कंपनी लागते आणि कंपनीला जीवशास्त्राचा माणूस. तो मी. पगार वेळेवर, विमा, गाडी. बेंथॉसताईंची पदवी आणि माझी पदवी एकच.

आता तोटा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक प्रकल्पांना एका हंगामाची आधारभूत माहिती चालते, पावसाळा सोडून. मग सगळे काय करतात? डिसेंबर ते फेब्रुवारी. समुद्र तळ्यासारखा, आकाश निळं, माणसं खूश. पण गोव्याचा समुद्र डिसेंबरात कळतच नाही! आपल्या किनाऱ्याला पावसाळ्याच्या शेवटी खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागापर्यंत वर सरकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी श्वास कोंडतो. कांदोळीसमोर ठरावीक जागी दोनापावलच्या संस्थेच्या लोकांनी वर्षानुवर्षं हे मोजलंय, जगभर छापून आलंय. तळाचे जीव सर्वात हलाखीत असतात ते नेमके तेव्हा. आणि माझ्या अहवालात तो महिना नाही. मी खोटं काही लिहीत नाही. आकडे खरे, सह्या खऱ्या. फक्त ज्या महिन्यात विचारायला हवं त्या महिन्यात विचारलेलं नाही.

खाजन जमिनीचंही (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचंही) तसंच. अहवालात "पडीक, खारफुटीची तुरळक झुडपं" असं लिहून येतं. मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) मोडली, बांध फुटला आणि म्हणून ती जमीन पडीक झाली, हे लिहायला रकाना नसतो. माझे आजोबा मानशीचं पाणी सांभाळायचे. मी तो तक्ता भरला.

पहिल्या वर्षी भांडलो. साहेब शांतपणे म्हणाले, "तू नाही केलंस तर दुसरा करेल, आणि त्याला पॉलिकीट ओळखता येत नसेल." ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

बेंथॉस
८ मे, सकाळी ७.१०

सल्लागार, तुमच्यासारखीच नोकरी मलाही आली होती, दोनदा. दुसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा नवरा चार दिवस बोलला नाही. आज तुमचं वाचून मी बरोबर होते असंही वाटलं नाही. माझ्या जागी कोण बसलं असेल, त्याने काय लिहिलं असेल, हे डोक्यात येतं.

पाणबुड्या
८ मे, दुपारी २.३०

बुडी मारायचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांसाठी दोन ओळी. ग्रँड आयलंडला पर्यटकांना घेऊन जातो, सहा वर्षं झाली. पदवी प्राणिशास्त्राची. पावसाळ्यात चार महिने बंद. पाणी चांगलं असलं तरी पाच-सात मीटरपलीकडे दिसत नाही, नद्यांचा गाळ. लक्षद्वीपच्या व्हिडिओतला निळा समुद्र इथे नाही. तिकडेही १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ ला प्रवाळं पांढरी पडली. माझी एक मैत्रीण तिथे एकाच खडकाची मोजणी करते. ती म्हणते, दरवर्षी आजारी नातेवाइकाला भेटायला गेल्यासारखं वाटतं.

माझे कान गेलेत. डाव्याने कमी ऐकू येतं. दिवसाला चार-चार वेळा खाली-वर करणं हे कानांसाठी नाही. आणि जीवशास्त्र? पर्यटक "क्लाउनफिश कुठे?" विचारतो, तेवढंच.

फोंड्याची_आई
८ मे, रात्री १०.४५

सगळे प्रतिसाद छापून काढले आणि लेकीला दिले. मिस्टर म्हणाले, एवढं कशाला पोरीला. तिने जेवणाच्या टेबलावर बसून सगळं वाचलं. मध्येच उठून गेली, परत आली. मला वाटलं रडली असेल. तिने वही आणली होती. प्रश्न लिहून काढलेत. पहिला असा (तिच्याच शब्दांत): "सिंधुयात्री काका, साका पांढरा आला म्हणजे तिथे काहीच जगत नाही का?"

आता मी काय करू? तुम्ही तोटे सांगितलेत ना?

सिंधुयात्री
८ मे, रात्री ११.००

जगतं. जीवाणू जगतात, ऑक्सिजनच्या ऐवजी नायट्रेटवर. तिला सांगा, चांगला प्रश्न आहे. ताई, सॉरी.

बेंथॉस
९ मे, सकाळी ६.५०

वाचून काही कळत नाही. मी पण पुस्तकं वाचूनच आले होते. माझ्या एका ज्युनियर मुलाचं जुवारी नदीच्या काठाला काम चालू आहे, ओहोटीच्या वेळेचं. लेकीला एक दिवस पाठवा. माझा निरोप मिळाला का बघा.

नुस्तेंखोर
२१ मे, रात्री ८.००

धागा वर काढतोय. फोंड्याच्या आईंचं पुढे काय झालं? (अवांतर: १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू, बांगडे भरून ठेवा.)

फोंड्याची_आई
२५ मे, रात्री ९.३०

उशीर झाला, माफ करा. परवा लेक जुवारीला गेली होती.

पहाटे पावणेचारला मिस्टरांनी सोडलं. गुडघाभर चिखलात उतरली, चप्पल एक तिथेच राहिली, कालवांच्या कडांनी तळपाय कापला. दुपारी प्रयोगशाळेत नेलं, एक ताट पुढ्यात दिलं आणि सांगितलं, वेच. बेंथॉसताईंच्या त्या ज्युनियरने मला फोनवर सांगितलं, बहुतेक जण वीस मिनिटांत मोबाइल काढतात. ही साडेतीन तास बसली. एकूण एकोणचाळीस किडे. घरी येऊन आंघोळ केली, जेवली नाही, सरळ झोपली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पहिलं वाक्य, "कंटाळा आला गो आई." मला हायसं वाटलं. मग म्हणाली, "पण त्यातले तीन वेगळे होते, ते कुठले ते दादालाही माहीत नव्हतं."

सध्या ठरलंय ते असं: बीएस्सी प्राणिशास्त्र इथेच, सोबत गणित किंवा आकडेवारी काहीतरी, बेंथॉसताई म्हणाल्या तसं दुसऱ्या बाजारात चालणारं. रत्नागिरीचा अर्जही भरतोय. पुण्याच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. तिची उजव्या हाताची बोटं गुलाबी झालीत. लिंबू लावलं, बेसन लावलं, काल खोबरेल चोळलं. जात नाही. शुक्रवारी नात्यात साखरपुडा आहे, सगळे विचारतील. कशाने जातं?

बेंथॉस
२५ मे, रात्री ९.४१

घासू नका, कातडी सोलेल. चार-पाच दिवसांत आपोआप फिकं होतं, नखातलं नख वाढेपर्यंत राहतं. साखरपुड्याला मेंदी काढा.

आणि हातमोजे का दिले नाहीत ते त्या पोराला मी आत्ताच फोन करून विचारते.